स्कॅनरवरचे चालू आकडे वाचायचे कसे: कोकणातल्या गाड्यांसाठी क्रमवार पद्धत

इंजिन लाइट लागली, स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सरचा (एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) कोड आला, सेन्सर बदलला आणि पंधरा दिवसांत लाइट पुन्हा हजर. किनारपट्टीवर हा प्रकार जरा जास्तच घडतो, कारण इथे सेन्सर मरायच्या आधी त्याच्या कनेक्टरच्या पिना आणि अर्थची (अर्थिंगची) वायर मरते. कोड फक्त तक्रार कुठल्या सर्किटवर आहे तेवढं सांगतो. दोष नक्की कुणाचा, ते चालू आकड्यांवरून, म्हणजे सेन्सर त्या क्षणी काय सांगतायत त्यावरून कळतं, पण ते आकडे ठरावीक अवस्थेत आणि ठरावीक क्रमाने घेतले तरच. बहुतेक जण इंजिन चालू करून एकदम तीस आकडे उघडतात आणि जो विचित्र दिसेल त्याच्यावर खापर फोडतात.

खालची पद्धत ओबीडी-२ (गाडीची स्वतःची बिघाड तपासणारी यंत्रणा) असलेल्या, म्हणजे साधारण २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेलचं वेगळं असतं, ते पुढे आलं आहे. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

## १. तयारी

गाडीच्या सॉकेटमधले आकडे फोनवरच्या ॲपला पाठवणारा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ किंवा वायफाय अडॅप्टर या कामाला पुरतो. आयफोनला साध्या ब्लूटूथचा अडॅप्टर चालत नाही; वायफायचा किंवा लो-एनर्जी ब्लूटूथचा घ्यावा लागतो. जोडताना पिन (पासकोड) विचारला तर १२३४ किंवा ०००० टाकून बघा. ॲपमध्ये स्वतःची आवृत्ती २.१ दाखवणारे बरेच स्वस्त अडॅप्टर नकली असतात. त्यांना काही आज्ञा कळत नाहीत आणि ते मधेच तुटतात. आकडा अधूनमधून गोठत असेल तर गाडीला दोष देण्याआधी अडॅप्टर बदलून बघा.

शिवाय मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, टॉर्च आणि वही हवी. मल्टिमीटर नसेल तर हे काम अर्धवटच होणार.

ॲपमध्ये तीन गोष्टी आधी बघून घ्या. तापमान सेल्सिअसमध्ये आणि दाब किलोपास्कलमध्ये हवा. इंजिनाची क्षमता बरोबर भरलेली हवी. आणि एका वेळी स्क्रीनवर पाच-सहाच आकडे ठेवा. प्रत्येक आकडा ॲप इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून एकेक करून मागतं, त्यामुळे पंचवीस आकडे लावले की प्रत्येक आकडा काही सेकंद शिळा असतो. असे शिळे आकडे शेजारीशेजारी ठेवून तुलना केली तर निष्कर्ष हमखास चुकतो.

अजून एक फसगत आहे. गाडीत हवेचं वजन मोजणारा एमएएफ सेन्सर नसला तरी काही ॲप्स मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा) दाब, हवेचं तापमान आणि तुम्ही भरलेली इंजिनाची क्षमता यांवरून एमएएफचा आकडा स्वतःच काढून दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून कुणी नसलेला सेन्सर शोधत बसू नये. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या फक्त एमएपी, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या, सेन्सरवर चालतात. एअर फिल्टरनंतरच्या रबरी नळीवर वायर असलेला सेन्सर आहे का, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा आणि वहीत लिहा. सहाव्या टप्प्यात याची गरज लागेल.

गाडी आदल्या रात्रीपासून उभी हवी, सावलीत, आणि त्याआधी धुतलेली नसावी. टाकीत निदान पाव टाकी पेट्रोल असू द्या. एअर फिल्टर काढून बघा. जांभ्याच्या लाल धुळीने तो एप्रिल-मेमध्ये गच्च भरतो आणि पावसात तोच थर ओला होऊन बसतो.

इशारा: इंजिन चालू ठेवून तपासणी बंद गॅरेजात करू नका. रेडिएटरचा फॅन कधीही आपोआप फिरतो, तेव्हा हात, ओढणी, वायर सगळं लांब.

## २. जोडणी आणि कोड

सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आत असतं, १६ पिनांचं. अडॅप्टर खुपसण्याआधी टॉर्च मारून पिना बघा. हिरवट किंवा पांढुरका थर दिसला तर तिथूनच सुरुवात. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचे थेट व्होल्ट असतात, ४ आणि ५ या अर्थच्या. मल्टिमीटर १६ आणि ४ वर, मग १६ आणि ५ वर लावा. दोन्हीकडे बॅटरीच्या टोकांवर मिळतात जवळपास तेवढेच व्होल्ट मिळायला हवेत. एकीकडे अर्धा व्होल्ट कमी आला तर त्या अर्थवर गंज आहे. पुराचं पाणी आत गेलेली सेकंडहँड गाडी ओळखायलाही हे सॉकेट उपयोगी पडतं. सीट बदलतात, कार्पेट धुतात, सॉकेटच्या पिना मात्र कुणी घासत बसत नाही.

आता चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा आणि कोड वाचा. साठलेले कोड, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड आणि फ्रीझ फ्रेम या तिन्हींचे स्क्रीनशॉट काढा. कोड लागला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, तापमान, लोड (इंजिनावरचा भार) आणि वेग किती होता, हे फ्रीझ फ्रेममध्ये असतं. पी ०१७१ (पेट्रोल कमी पडतंय) कोड थंड इंजिनावर आयडलला (उभ्या गाडीत, ॲक्सिलरेटर न दाबता) लागला की घाटात चौथ्या गिअरमध्ये, यावर पुढचा सगळा शोध ठरतो.

इशारा: कोड आत्ता पुसू नका. पुसल्यावर कोडबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, मॉनिटर्स (कॉम्प्युटर स्वतःच घेतो त्या चाचण्या) शून्यावर येतात आणि बऱ्याच गाड्यांत शिकलेला फ्यूएल ट्रिमही (पेट्रोलच्या प्रमाणातली दुरुस्ती) उडतो. पुरावा गेला की पुन्हा गोळा व्हायला कित्येक दिवस लागतात. सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

मॉनिटर्सही बघून ठेवा. बहुतेक मॉनिटर्स अपूर्ण दिसत असतील तर अलीकडेच कुणीतरी कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. गाडी विकणाऱ्याने ‘एकही कोड नाही’ म्हणून स्कॅन दाखवला तर आधी हेच विचारा.

## ३. चावी ऑन, इंजिन बंद

हा टप्पा जवळजवळ सगळे जण गाळतात. इंजिन बंद असताना बऱ्याच सेन्सरचं खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणून सेन्सर खोटं बोलतोय का ते इथे पाच मिनिटांत कळतं.

- कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान: रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे, फार तर ५ अंशांचा फरक. बाहेर २६ अंश असताना कूलंट २५ आणि हवा २७ दाखवत असेल तर ठीक. कूलंट १२ दाखवत असेल तर काहीतरी गडबड.
- एमएपी: इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. रत्नागिरी, देवगड, मालवण अशा समुद्रसपाटीच्या गावी १०० ते १०१ किलोपास्कल. आंबोलीला साधारण ९३, कोल्हापूरला ९५ च्या आसपास. दर १०० मीटर चढाला सव्वा किलोपास्कलच्या आतबाहेर घट धरा. मालवणच्या बंदरावर उभी असलेली गाडी ९२ दाखवत असेल तर सेन्सर, त्याचा ५ व्होल्टचा पुरवठा किंवा अर्थ यांतलं काहीतरी बिघडलं आहे.
- थ्रॉटल: पाय न लावता १० ते २० टक्के दाखवणं नेहमीचं आहे. शून्य दिसलं नाही म्हणून थ्रॉटल बॉडी खोलू नका. पेडल सावकाश दाबत जा. आकडा न अडखळता चढायला हवा, मधे उडी किंवा खड्डा नको. पूर्ण दाबल्यावर ८०-९० वर थांबला तरी चालतं. काही गाड्या इंजिन बंद असताना थ्रॉटल पूर्ण उघडतच नाहीत.
- बॅटरी: १२.४ च्या वर ठीक. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे बिनभरवशाचे.

कूलंट आणि हवेच्या तापमानाचे सेन्सर थंडीत जास्त रोध दाखवतात, गरम झाले की कमी. पिनेवर गंज चढला की सर्किटमध्ये रोध वाढतो आणि कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून थंड आहे. मग तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, प्लग काळे पडतात. म्हणजे किनाऱ्यावर गंजामुळे येणारी चूक जवळजवळ नेहमी ‘थंड’ बाजूलाच असते. उणे ४० दिसलं तर सर्किट पूर्ण तुटलं आहे: वायर उंदराने कुरतडली, कनेक्टर निसटला किंवा सेन्सर आतून गेला.

पडताळा, फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी: कनेक्टर काढा, आकडा उणे ४० वर जायला हवा. मग वायरीच्या बाजूच्या कनेक्टरमधल्या दोन पिना बारीक वायरीने एकमेकींना जोडा, आकडा १२० च्या वर उडायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग चांगलं आणि सेन्सर खराब. नाही झालं तर नवा सेन्सर आणूनही उपयोग नाही. काही गाड्या बिघाड लक्षात येताच ठरावीक बदली आकडा दाखवतात, समजा ८०, आणि फॅन कायम फिरवत ठेवतात. जराही न हलणारा आकडा दिसला तर हीच शंका घ्या. तीन वायरींच्या सेन्सरवर ही जोडाजोड अजिबात करू नका. ५ व्होल्टची लाइन शॉर्ट होईल.

एमएपी, थ्रॉटल, एसीचा प्रेशर सेन्सर असे दोन-तीन सेन्सर एकाच वेळी वेडेवाकडे दिसले तर तिन्ही एकदम खराब झालेले नसतात. ते बहुतेक ५ व्होल्टचा पुरवठा किंवा अर्थ वाटून घेतात. ती सामाईक वायर शोधा.

## ४. सेल मारताना आणि थंड इंजिन

एसी, दिवे, टेप सगळं बंद. सेल मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेलं तर आधी बॅटरी आणि तिची टोकं बघा.

इंजिन चालू झाल्यावर १३.५ ते १४.७ व्होल्ट. नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार कमीजास्त होतो, त्यामुळे मधेच १२.८ दिसलं तरी लगेच घाबरायचं कारण नाही. ॲपमध्ये दोन व्होल्टेज असतात: एक अडॅप्टरने सॉकेटवर मोजलेलं, दुसरं इंजिनाच्या कॉम्प्युटरने सांगितलेलं. दोन्ही मल्टिमीटरने बॅटरीवर ताडून बघा. कॉम्प्युटरचा आकडा बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टाने किंवा जास्त कमी असेल तर त्याच्या पुरवठ्यावर किंवा बॉडीच्या अर्थवर गंज आहे. बॅटरीच्या उणे टोकावरून बॉडीला आणि गिअरबॉक्सला गेलेल्या पट्ट्या खोलून घासा. हे काम बिनखर्चाचं आहे आणि बरेच ‘भुताटकीचे’ कोड तिथेच मिटतात.

थंड इंजिनाचे फेरे १,००० ते १,४०० असतात आणि हळूहळू उतरतात. कूलंट सलग चढत राहायला हवं. गाडी चालवत असाल तर दहाएक मिनिटांत ८० पार व्हावं.

घाटात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा उपाय अजूनही चालतो. अशा गाडीत हायवेला कूलंट ६०-६५ वरच रेंगाळतं, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून तापायचंय, आणि पी ०१२८ कोड येतो. काढलेला थर्मोस्टॅट परत बसवल्याशिवाय पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

## ५. गरम इंजिन, आयडल

कूलंट ८५ च्या वर आणि फॅन एकदा सुरू होऊन बंद झाला की खरं वाचन सुरू होतं. एसी बंद, गिअर न्यूट्रल. एक मिनिट थांबा आणि मग लिहा:

- फेरे: ६५० ते ८५०, स्थिर
- कूलंट: ८५ ते १००
- एमएपी: ३० ते ४० किलोपास्कल
- एमएएफ असल्यास: १.२ लिटरच्या इंजिनाला साधारण १.५ ते ३ ग्रॅम प्रतिसेकंद
- लोड: २० ते ३५ टक्के
- टायमिंग (प्लगची ठिणगी किती आधी पडते): ५ ते १५ अंश, थोडं हलत राहणारं
- फ्यूएल सिस्टीम स्टेटस: क्लोज्ड लूप

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ओपन लूप असेल तर कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही आणि फ्यूएल ट्रिमचे आकडे वाचून काही उपयोग नाही. इंजिन गरम होऊनही क्लोज्ड लूप येत नसेल तर कूलंटचा आकडा आणि ऑक्सिजन सेन्सरचा हीटर बघा.

आता एसी लावा. फेरे थोडे वाढतात किंवा तसेच टिकतात, लोड आणि एमएपी चढतात. फेरे ५०० पर्यंत कोसळून गाडी थरथरत असेल तर थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर साफ करायची वेळ झाली आहे. एसी पुन्हा बंद करा आणि मगच पुढे जा. दमट हवेत काच धुरकटते म्हणून एसी चालूच ठेवून घेतलेले आकडे पुढच्या आकड्यांशी जुळत नाहीत.

## ६. फ्यूएल ट्रिम

सगळ्यात जास्त माहिती इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही.

कॉम्प्युटर हिशेबाने ठरलेलं पेट्रोल सोडतो, ऑक्सिजन सेन्सरकडून निकाल ऐकतो आणि दुरुस्ती करतो. शॉर्ट टर्म म्हणजे या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेली. अधिक आकडा म्हणजे पेट्रोल वाढवावं लागतंय, उणे म्हणजे कमी करावं लागतंय. दोन्हींची बेरीज करून वाचा. शॉर्ट टर्म शून्याजवळ खेळतोय म्हणून ‘सगळं ठीक’ म्हणणारे लाँग टर्मचे अधिक १८ बघतच नाहीत.

बेरीज ±५ असेल तर उत्तम, ±१० पर्यंत चालवून घेण्यासारखी. त्यापलीकडे कारण शोधायचं.

आकडे तीन अवस्थांत घ्या: आयडल, न्यूट्रलमध्ये स्थिर २,५०० फेरे, आणि रस्त्यावर चढणीला. एका अवस्थेतल्या आकड्यावरून निदान होत नाही. आकडा अवस्थेप्रमाणे कसा बदलतो त्यावरून होतं.

आयडलला खूप अधिक, २,५०० ला जवळजवळ ठीक. समजा २० वरून ४ वर आला. न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला इंजिन थोडीच हवा ओढतं, त्यामुळे गळतीचा वाटा मोठा दिसतो. फेरे वाढले की तीच गळती किरकोळ ठरते. फिल्टरनंतरची रबरी नळी, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची (इंजिनातल्या ऑइलची वाफ परत आत ओढणारी) नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, ऑइलचं झाकण आणि डिपस्टिकची सील या क्रमाने बघा.

इथेच पहिल्या टप्प्यातली नोंद कामाला येते. वरचं चित्र एमएएफ असलेल्या गाडीचं आहे. फक्त एमएपी असलेल्या गाडीत मॅनिफोल्डमधून गळणारी हवा दाबात मोजलीच जाते, आणि कॉम्प्युटर तिच्या हिशेबाने पेट्रोलही देतो. त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही. तिथे गळती वेगळी दिसते: एमएपी ३५ ऐवजी ४५-५० च्या घरात, फेरे चढलेले किंवा झोके घेणारे, किंवा फेरे आवरायला कॉम्प्युटरने थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटलेला. ‘ट्रिम बरोबर आहे, म्हणजे गळती नाही’ हा निष्कर्ष अशा गाडीत चुकीचा ठरतो.

आयडलला ठीक, लोडवर अधिक वाढत जाणारा. ४, मग १०, मग चढणीला २२. पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय: पंप, फिल्टर किंवा प्रेशर रेग्युलेटर. एमएएफ असलेल्या गाडीत मळलेला सेन्सरही हेच दाखवतो. पंपाच्या खर्चात पडण्याआधी एमएएफ फक्त एमएएफ क्लीनरने साफ करून बघा. कार्बोरेटरचा स्प्रे वापरलात तर सेन्सर जाईल. मग गेजने पेट्रोलचा दाब मोजा.

आयडलला बराच उणे, २,५०० ला कमी उणे. कुठून तरी जादा पेट्रोल किंवा त्याची वाफ येतेय. पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडतो तो) नळी काही सेकंद चिमटीत दाबून धरा. आकडा शून्याकडे सरकला तर व्हॉल्व्ह मिटत नाहीये. नाही सरकला तर डिपस्टिकचा वास घ्या. रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या गाडीच्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं आणि गरम झाल्यावर त्याची वाफ पीसीव्हीतून आत येते. गळका इंजेक्टर ही पुढची शंका.

सगळीकडे सारखाच अधिक, ५ ते ८. आधी पेट्रोलचा विचार करा. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, १० टक्के इथेनॉलला साधारण १४.१, आणि २० टक्के इथेनॉलला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला ई२० जास्त लागतं. ई१० वर जुळवलेली गाडी ई२० वर गेली की ट्रिम साधारण ४ टक्क्यांनी वर सरकतो, आणि हा बिघाड नाही. अधिक १५ मात्र इथेनॉलच्या नावावर खपवू नका.

मिसिंग मारणारी गाडीही अधिक ट्रिम दाखवते. न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी आहे, आणि कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो. पावसाळ्यात प्लगच्या विहिरीत पाणी साचून हे नेहमी होतं. पी ०३०० मालिकेतला (मिसिंगचा) कोड सोबत असेल तर आधी कॉइल आणि प्लग, ट्रिम नंतर. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तरी बाहेरची हवा आत ओढली जाऊन हाच खोटा आकडा येतो.

इशारा: गळती शोधायला गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारण्याची पद्धत सोडा. स्मोक मशीन असलेलं गॅरेज गाठा किंवा नळ्या एकेक करून हाताने तपासा.

सीएनजी गाडी असेल तर आधी वीस-पंचवीस किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा आणि मग आकडे घ्या. बाहेरून बसवलेल्या किटची जुळणी चुकली असेल तर सीएनजीवर शिकलेला लाँग टर्म पेट्रोलवरही तसाच दिसतो, आणि निर्दोष इंजेक्टर बाहेर निघतात.

## ७. ऑक्सिजन सेन्सर

पुढचा सेन्सर साध्या जातीचा असेल तर गरम इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्ट यांच्यामध्ये सतत वरखाली होतो. मागचा, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा, बऱ्यापैकी स्थिर असतो, सहसा ०.६ ते ०.८ च्या आसपास. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर थकला आहे. पी ०४२० तिथूनच येतो. मागचा सेन्सर बदलून हा कोड जात नाही.

नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो. तो नाचत नाही, लॅम्ब्डा १.०० (हवा-पेट्रोलचं अचूक प्रमाण) च्या आसपास स्थिर असतो. ‘सेन्सर हलतच नाही’ म्हणून तो बदलणं हा निव्वळ अज्ञानाचा खर्च.

साधा सेन्सर ०.१ वर अडकलेला दिसला तर फेरे अचानक वाढवा. क्षणभर तरी ०.८ वर उडी मारली तर सेन्सर जिवंत आहे आणि खरं सांगतोय. मग दोष मागच्या टप्प्यात शोधा.

## ८. रस्त्यावर, घाटात

फोन हातात घेऊन गाडी चालवू नका. ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावा, परत आल्यावर आलेख बघा. अडॅप्टर ब्रेकच्या पेडलजवळ लोंबत असेल तर एक्स्टेंशन वायर लावून बाजूला बांधा.

आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली, जवळचा कुठलाही घाट चालेल. फेरे, कूलंट, लोड, दोन्ही ट्रिम आणि ऑक्सिजन सेन्सर एवढंच रेकॉर्ड करा.

चढणीला कूलंट १००-१०५ पर्यंत जाऊन माथ्यावर सपाटीला परत ९५ च्या खाली यावं. संथ चढणीत तापतं आणि वेग घेतल्यावर उतरतं, तर फॅन किंवा त्याचा रिले. वेगातही चढतच राहतं, तर रेडिएटर, वॉटर पंप किंवा न उघडणारा थर्मोस्टॅट. ११० दिसलं की सुरक्षित जागी गाडी उभी करा. झाकण उघडू नका.

ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर एमएपी त्या उंचीच्या हवेच्या दाबाजवळ पोचायला हवा (टर्बो नसलेल्या गाडीत). खालीच १०० पैकी ८५ वर अडकला तर एअर फिल्टर गच्च आहे किंवा थ्रॉटल पुरता उघडत नाही.

उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. ऑक्सिजन सेन्सर शून्याजवळ जातो, ट्रिम गोठतो. आलेखातला हा सपाट भाग बघून सेन्सर बाद ठरवू नका.

आत येणाऱ्या हवेचं तापमान गर्दीत ५०-६० पर्यंत चढतं. गणपतीच्या दिवसांत हायवेवर रांगेत उभ्या गाडीत ते दिसणारच. गाडी सुटल्यावर दोन-चार मिनिटांत खाली आलं की झालं.

## ९. सुटा भाग मागवण्याआधी: पिना आणि वायर

संशयित सेन्सरचा आकडा स्क्रीनवर एकटाच ठेवा, इंजिन आयडलला, आणि त्याची वायर कनेक्टरपासून हळूहळू हलवत जा. आकडा उडी मारतो तिथे दोष. एकट्याने होत नाही, एक जण स्क्रीनवर लक्ष ठेवणारा हवा. पट्टा आणि फॅनजवळच्या वायरी इंजिन बंद करून, चावी ऑन ठेवून तपासा.

मग चावी बंद करून कनेक्टर उघडा. आत हिरवा चिकट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, नीट सुकू द्या. पिना पॉलिश पेपरने घासू नका. वरचा मुलामा गेला की गंज झपाट्याने चढतो. सुकल्यावर रबरी सील जागेवर आहे ना ते बघून डायइलेक्ट्रिक ग्रीस सीलभोवती पातळ लावा. वायर तपासायला मल्टिमीटरची सुई इन्सुलेशनमध्ये टोचू नका. त्या भोकातून ओलावा शिरतो आणि खाऱ्या हवेत तांबं आतून काळं पडत जातं, वरून काही दिसत नाही. असं काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापावं लागतं.

बॅटरीच्या खाली आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला उंदराची लेंडी, पालापाचोळा दिसतो का बघा. दिसला तर तिथून जाणारा प्रत्येक हार्नेस (वायरींचा जुडगा) हातात घेऊन तपासा.

## १०. डिझेल असेल तर

वरचा सहावा आणि सातवा टप्पा सोडून द्या. त्याऐवजी कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणारी नळी) दाब बघा: गरम आयडलला साधारण २५० ते ३५० बार. ॲप किलोपास्कलमध्ये २५,००० ते ३५,००० दाखवेल; शून्यं बघून दचकू नका. सेल मारताना दाब १५०-२०० पर्यंतही पोचत नसेल तर इंजिन उठत नाही: फिल्टरमधलं पाणी, हवा शिरणं, गळके इंजेक्टर. पावसाळ्यात फिल्टरचं पाणी काढणं पहिलं.

आयडलला एमएपी हवेच्या दाबाएवढाच, १०० च्या आसपास असतो. त्यात काही चूक नाही. लोडवर तो चढायला हवा. अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब असे दोन्ही आकडे मिळत असतील तर ते एकावर एक ठेवून बघा. प्रत्यक्ष मागे पडत असेल तर आधी इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करतो तो) नळ्या आणि क्लिपा.

बीएस-६ गाडीत डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीचा आकडा बऱ्याचदा कंपनीच्या खास यादीतच मिळतो. तो चढता असेल आणि गाडी फक्त गावात फिरत असेल, तर हायवेवर सलग अर्धा तास चालवून बघा. रीजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) चालू असताना गाडी बंद करू नका, आणि सुक्या गवतावर उभी तर मुळीच करू नका.

## ११. दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. त्याच अवस्थांत, त्याच क्रमाने आकडे पुन्हा घ्या आणि जुन्यांच्या शेजारी लिहा. लाँग टर्म सरकायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशी दोन्ही ट्रिमची बेरीजच बघा. मॉनिटर्स पुरे व्हायला थंड स्टार्ट, काही मिनिटं आयडल आणि ६०-८० च्या स्थिर वेगाने सलग रस्ता लागतो. कन्व्हर्टरचा मॉनिटर सहसा शेवटी पुरा होतो, नाक्यापर्यंतच्या फेऱ्यांनी तो होत नाही. मॉनिटर्स पुरे होऊनही पेंडिंग यादी रिकामी असेल तरच काम झालं असं धरा, आणि अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा. उभ्या गाडीतही तो बॅटरी खात राहतो.